रिकाम्या गाडीत न येणारा आवाज

जफरभाईंना ऐकू येत नाही हे मला कळलं, तोवर मी त्यांच्या गॅरेजवर बसायला लागून सात महिने झाले होते.

२००६ चा जानेवारी. लोहाऱ्याला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी कापसाचं एक जिनिंग बंद पडलेलं होतं. त्याच्या भिंतीला टेकून जफरभाईंचं गॅरेज. पत्र्याचं छप्पर, गाडीखाली उतरायला एक खड्डा, एक कॉम्प्रेसर, एक बाक. बाक माझा. मराठी घेऊन एम. ए. झालो होतो आणि नोकरी नव्हती. बाप म्हणायचा, घरी बसण्यापेक्षा कुठंही बस. मी तिथं बसायचो.

त्या दुपारी कॉम्प्रेसरचा पाइप फाटला. भिंतीवरचे कावळे उडाले. मी दचकून उभा राहिलो. जफरभाई पाठमोरे बसून कार्बोरेटर पुसत होते. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

मी त्यांच्या समोर गेलो. त्यांनी माझा चेहरा पाहिला. मग वळून पाइपकडे पाहिलं, उठले, बटण बंद केलं आणि परत येऊन फडकं हातात घेतलं.

"समजलं ना तुले?"

मी मान हलवली.

"मंग कोणाले सांगू नको."

दुसऱ्या कुणाचं असतं तर मी एवढा हादरलो नसतो. पण यवतमाळात कुणाची गाडी कुठंतरी वाजायला लागली आणि कारण सापडेना झालं, की लोक एकच पत्ता सांगायचे. लोहाऱ्याच्या जफरकडे न्या, तो आवाज ओळखतो. आवाज ओळखण्यावर त्यांचं घर चालत होतं. तेलपाणी करणारे, टायर बदलणारे गावात पन्नास होते.

मी बाकावर परत बसलो आणि मागचे सात महिने उलटे मोजत गेलो. गाडी आली की जफरभाई स्वतः चालवायचे आणि मला शेजारी बसवायचे. एक फेरी मारून आले की विचारायचे, "हं प्रोफेसर, सांग कसा होता आवाज." मी म्हणायचो, खडखड होती. ते म्हणायचे, खडखड तर बैलगाडीतही होते, नीट सांग. एकदाच झाला की लागोपाठ? ब्रेक दाबताना की सोडताना? लोखंडावर लोखंड की मध्ये रबर? ठण की ठक की धप? मला वाटायचं, बेकार पोराला ते कामाला लावताहेत, थोडी गंमत करताहेत. मीही गमतीनं शब्द शोधायचो. एकदा म्हणालो, ओल्या पोत्यात नारळ आपटल्यासारखा. त्यांनी ताबडतोब शॉकअपचं वरचं रबर काढून दाखवलं. ते कुजून भुगा झालं होतं.

गंमत त्यात नव्हती. मी त्यांचा कान होतो आणि मलाच ते माहीत नव्हतं.

कान गेले ते जिनिंगमध्ये. पंधराव्या वर्षी ते फिटर म्हणून लागले. रेच्याच्या ओळीत, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या ओळीत, अकरा हंगाम. तिथं बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागे. ओठ वाचायला ते तिथंच शिकले, सगळेच शिकायचे. डावा कान तिथंच गेला. जिनिंग बंद पडलं तेव्हा उजवा अर्धा होता. नंतर तोही कमी होत गेला. समोरचा माणूस तोंड दिसेल असा बोलला तर ते सहज उत्तर द्यायचे. पाठीमागून हाक मारली तर कामात आहेत असं वाटायचं. कामात असलेल्या मिस्त्रीनं उत्तर दिलं नाही तर कुणाला राग येत नाही.

उरलेलं काम हातानं. बोनेट उघडून, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ दातात धरायचे. बाकीचे मिस्त्री मूठ कानाला लावतात. जफरभाई दातात धरायचे, आणि लोकांना ती त्यांची खास पद्धत वाटायची. मी विचारलं, दातानं ऐकू येतं का? ते म्हणाले, ऐकू नाही येत, कळते.

घरी फक्त शमाभाभींना माहीत होतं. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहायचे. भाभींना गॅरेजकडे यायची सक्त मनाई होती. मी समजत होतो, पडद्याचं असेल. तसं नव्हतं. भाभींना त्यांच्याशी मोठ्यानं, हातवारे करत बोलायची सवय लागली होती. ते कुणी पाहिलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं.

त्या वर्षी गाड्याही फार यायच्या. कापसाचा भाव पडला होता, नवी गाडी घेणारा कुणी उरला नव्हता, त्यामुळे जुन्या गाड्या ओढत चालवल्या जात होत्या. मुंबई-दिल्लीचे वार्ताहर खेड्यापाड्यांत फिरायचे आणि त्यांच्या भाड्याच्या गाड्यांची पुढची चाकं आमच्या रस्त्यांवर खिळखिळी होऊन लोहाऱ्याला यायची. एका वार्ताहरानं जफरभाईंना विचारलं होतं, इथली परिस्थिती कशी आहे. जफरभाईंनी त्याच्या गाडीची परिस्थिती सांगितली.

अशात हरिसिंग आला.

हरिसिंग हा धावजी नाईकाच्या तांड्यावरचा. आर्णी रस्त्यानं पाऊण तासावर, टेकडीआड बंजाऱ्यांची पन्नासेक घरं. त्याच्याकडे एक जुनी पांढरी कार होती. मागची सीट काढून टाकलेली. तीत तो माणसं न्यायचा, कापसाच्या गाठोड्या न्यायचा, बाजाराच्या दिवशी दोन्ही. तांड्यावर अशा आणखी चार गाड्या होत्या आणि पाचही जफरभाईंकडेच यायच्या. वर्षभराच्या कामातला मोठा वाटा त्या पाच गाड्यांचा.

हरिसिंगचं म्हणणं असं की पुढून, डाव्या बाजूनं, ब्रेक मारला की आवाज येतो. दोन महिन्यांपासून. वाटेत एका मिस्त्रीनं शॉकअप बदलले. दुसऱ्यानं स्टेअरिंगचे जोड बदलले. आवाज तसाच.

जफरभाईंनी गाडी घेतली. मी शेजारी. वसाहतीच्या रस्त्यावर सात स्पीडब्रेकर आहेत. सातही पार केले. ब्रेक दाबला, सोडला, जोरात दाबला. खड्ड्यातून नेली, उलटी नेली.

परत आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही," मी म्हणालो.

गाडी खड्ड्यावर घेतली. चाक उचलून हलवून पाहिलं. टॉमी घालून, म्हणजे लांब पहारीनं, एकेक जोड उचकून पाहिला. पाना लावून एकेक बोल्ट तपासला. सगळं घट्ट. हरिसिंगला सांगितलं, पुन्हा वाजली तर आण.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. पुन्हा सात स्पीडब्रेकर. पुन्हा काही नाही.

त्या संध्याकाळी जफरभाई माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. एरवी ते बसत नसत.

"खरं सांग. येते का आवाज?"

"नाही येत."

"मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यला का?"

मी शपथ घेतली. ते माझे ओठ पाहत राहिले. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची अडचण नीट कळली. गाडी गप्प आहे की आपला कान गप्प आहे, हे त्यांना ओळखता येत नव्हतं. मधे फक्त मी होतो, आणि माझ्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मी वर्षभरापूर्वीपर्यंत ठक आणि ठण यांतला फरक न कळणारा माणूस होतो.

तिसऱ्या खेपेला हरिसिंग आला तेव्हा गॅरेजवर आणखी तीन गिऱ्हाइकं होती. फेरी मारून झाली. मी मान हलवली. जफरभाईंनी हरिसिंगला सांगितलं की आवाज नाही.

हरिसिंग हसत म्हणाला, "सारा तांडा ऐकते अन् तुमालेच ऐकू नाही येत. कान गेले का काय, जफरभाई?"

बाकीचे हसले. जफरभाईही हसले, थोडे उशिरा. मग हरिसिंग जरा गंभीर होऊन म्हणाला की आता तो नागपूरला नेणार, तिथं मशीनवर गाडी चढवून पाहतात. तांड्यावरचे बाकीचेही म्हणतात, एकदा पाहून घेऊ कसं आहे तिथं. त्यानं हे वाईट हेतूनं सांगितलं नाही. पण पाच गाड्या लोहाऱ्याकडून वळणार हे सगळ्यांना कळलं. का वळल्या हेही चार दिवसांत गावाला कळलं असतं. जफरला आवाज सापडला नाही.

"सोमवारपर्यंत थांब," जफरभाई म्हणाले. "मी तांड्यावर येतो."

शुक्रवारची दुपार सोडली तर गॅरेज कधी बंद नसे. त्या सोमवारी फळी लावली. स्कूटरवर ते पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर पान्यांची पिशवी. वाटभर दोघांना बोलता येत नव्हतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

पोहोचलो तेव्हा गाडी भरणं चाललं होतं. हरिसिंगला आर्णीला जायचं होतं. मागे कापसाच्या चार गाठोड्या दाबून बसवल्या होत्या आणि त्यांच्यावर दोन माणसं रेलली होती. पुढं डावीकडे त्याची आई, रुपीबाई. सत्तरीची असेल. हातभर बांगड्या, कपाळावर नाण्यांची झालर, आणि पायांखाली पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी.

जफरभाईंनी वाकून पोतं चाचपलं. "हे काय?"

जात्याचा खालचा दगड होता.

हरिसिंग सांगायला लागला. याडीचं म्हणणं. याडी म्हणजे आई. मागे गाठोड्या भरल्या की गाडीचं तोंड वर होतं. रुपीबाईच्या आज्याच्या काळी हे लोक लदेणी करायचे, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर न्यायचे. ओझं एका अंगाला कललं तर बैलाची पाठ फुटते, हे तिनं आज्याकडून ऐकलं होतं. गाडीत पहिल्यांदा बसली आणि तिला तोंड वर झाल्याचं लगेच कळलं. घरातून जात्याचा दगड आणवला आणि पायांखाली ठेवला. तेव्हापासून दगड गाडीत.

"मंग माह्याकडं आणता तेव्हा?"

"तेव्हा खाली करतो ना."

"काहून?"

हरिसिंगला प्रश्नच विचित्र वाटला. उत्तर रुपीबाईनं दिलं. लादलेलं जनावर कोणी नालबंदाच्या दारी नेतं का? आधी ओझं उतरवायचं, अंग धुवायचं, पाणी पाजायचं, मग न्यायचं. दुसऱ्याच्या दारात आपलं ओझं दाखवायचं नसतं. म्हणून हरिसिंग दर वेळी गाठोड्या उतरवायचा, दगड उतरवायचा, आईला उतरवायचा, गाडी धुवायचा आणि मग लोहाऱ्याला आणायचा. वाटेतल्या दोन मिस्त्रींकडेही तशीच नेली होती.

जफरभाई माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. भूक लागलेल्या माणसाला वास यावा तसं.

"उतरू नका," ते म्हणाले. "कोणीच उतरू नका."

रुपीबाईला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, माणसं बसलेली असताना खाली शिरणार म्हणजे काय. जफरभाई तिच्या खिडकीशी उभे राहून तिचं सगळं ऐकून घेत होते. म्हणजे पाहत होते. ती बोलताबोलता थांबली. तोंड दुसरीकडे वळवून काहीतरी म्हणाली. जफरभाई उभेच राहिले. ती पुन्हा त्यांच्याकडे वळली आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. कर म्हणाली काय करायचं ते.

मला ते तेव्हा कळलं नाही.

चाकांच्या मागेपुढे दगड लावले, पण बोटभर जागा ठेवून. हरिसिंगनं इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा. तांड्यावरच्या चार माणसांनी मागून गाडी रेटायची आणि सोडायची, रेटायची आणि सोडायची. गाडी चालत नाही, पण पुढच्या चाकांचे सगळे जोड ताण घेतात आणि सोडतात. जफरभाई डाव्या चाकामागून पाठीवर सरकत खाली गेले. मी गुडघ्यांवर, त्यांना माझा हात दिसेल असा. आवाज आला की बोट वर करायचं.

माणसांनी रेटलं.

ठक.

मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. लहान होता. दाराची कडी आतून कुणीतरी बोटानं वाजवावी एवढाच. पण स्वच्छ होता, आणि लोखंडावर लोखंड होता. मी बोट वर केलं. मला इतका आनंद झाला की मी दुसरं बोटही वर केलं. जफरभाई खालून म्हणाले, "एक का दोन, नीट सांग बे."

पुन्हा रेटलं. ठक. एक बोट.

आता त्यांनी डोळे मिटले. त्यांना माझं बोट नको होतं. तळहात स्टेअरिंगच्या जोडावर ठेवला. रेटलं. हात पुढे सरकला. चाकाच्या बॉल जॉइंटवर. रेटलं. पुढे. आर्मच्या रबरावर. तिथं जरा थांबले. रेटलं. मग हात आणखी आत गेला, इंजिनाखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यावर. पुढच्या चाकांचे आर्म त्या पट्ट्यालाच बसतात आणि पट्टा चार मोठ्या बोल्टांनी गाडीला बसतो. डावीकडचा मागचा बोल्ट. त्याच्यावर चिखल आणि ग्रीसचा गोळा. त्यांनी दोन बोटं बोल्टाचं डोकं आणि पट्टा यांच्या सांध्यावर ठेवली.

रेटलं.

हात तिथंच राहिला. माणसांनी अजून तीनदा रेटलं. हात हलला नाही. मग बोटांनी ते ग्रीस पुसायला लागले. अंगठा बोल्टाच्या डोक्यावर फिरला आणि थांबला.

ते बाहेर आले तेव्हा मला वाटलं, सापडलं नाही. ते चाकाला टेकून मातीतच बसले. कुणीतरी पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं नाही, हातात धरून ठेवलं.

मी विचारलं, मिळालं ना? तर म्हणाले, मिळालं.

त्या वेळी त्यांना सोपी वाट होती हे मी नंतर मोजून पाहिलं. एक वॉशर घालायचं, पाना फिरवायचा, आवाज बंद. तांड्यासमोर, भरल्या गाडीखालून, कुणाला न सापडलेला आवाज शोधून काढलेला. त्यानंतर दहा वर्षं कुणी नागपूरचं नाव घेतलं नसतं.

हरिसिंग गाडीतून उतरला होता. जफरभाईंनी त्याला खाली बसायला लावलं, अगदी समोर.

"हा बोल्ट माह्या हातचा हाये," ते म्हणाले. "डोक्यावर कानशीचे तीन चरे हायेत. जिनिंगपासून मी माह्या बोल्टांवर तीन चरे मारतो. दोन वर्षं झाले, तुह्या गाडीची क्लच प्लेट टाकली तेव्हा जुना बोल्ट खराब निंघाला. मी पेटीतला लावला. थो लांब होता."

मग त्यांनी बोटांनी दाखवलं. बोल्ट लांब असला की त्याचं टोक भोकाच्या तळाला आधी टेकतं. पाना फिरत नाही, म्हणून वाटतं घट्ट झाला. पण डोकं आणि पट्टा यांच्यात कागद जाईल एवढी फट राहते. दोन वर्षांत ती वाढत गेली. रिकाम्या गाडीत पट्टा बाकीच्या तीन बोल्टांवर गप्प बसतो. डावीकडे दगड आणि म्हातारी आली, मागून गाठोड्यांनी ढकललं आणि ब्रेक दाबला, की तो कोपरा सरकतो. ठक. दोन मिस्त्रींनी पाना लावून पाहिलं, जफरभाईंनी स्वतःही पाहिलं. पाना फिरत नाही म्हणजे घट्ट.

हरिसिंग म्हणाला, होते चूक. कोणाच्याही हातून होते.

"कोणाच्याही नाही होत. बोल्ट आवळताना बोलते. बसला की एक आवाज करते, तळाला टेकला की दुसरा. फिटरले थो कानानं कळते." त्यांनी हातातलं पाणी बाजूला ठेवलं. "मले नाही कळला. मले ऐकू नाही येत, हरिसिंग. तू त्या दिवशी मजाकमध्ये बोलला, पण थे खरं हाये."

रेटणारी माणसं जवळ आली होती. मी मातीकडे पाहत होतो.

खिडकीतून रुपीबाई म्हणाली, "मले तर आल्याबरोबर समजलं." तिनं तोंड वळवून काय म्हटलं होतं तेही सांगितलं. तुझ्या डोक्यावर साप पडून राह्यला, असं म्हटलं होतं. "अन् हा उभाच. म्हटलं, हा कानाचा माणूस नाही, डोळ्याचा हाये."

दोघे-तिघे हसले. हरिसिंग हसला नाही. तो काहीतरी हिशोब करत असल्यासारखा जफरभाईंकडे पाहत होता.

"मंग ऐकत कोण होतं? गेल्या वर्षी माह्या भावाच्या गाडीची बेअरिंग आवाजावरून सांगितली ना तुम्ही?"

जफरभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हरिसिंगनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा? हा तर बाकावरून उठत पण नाही."

वॉशर घालून बोल्ट तिथंच आवळला. पाना जफरभाईंच्या हातात, आणि माझा कान बोल्टाजवळ. मी खाली त्यांच्याशेजारी पडलो होतो. बोल्ट खरंच बोलतो. आधी बारीक करकर, मग एक दबका टक्, आणि मग काही नाही. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. ते थांबले. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजवर आणवून मापाचा नवा बोल्ट लावायचा ठरलं, तोवर ओझं न्यायचं नाही. आर्णीची फेरी भावाच्या गाडीतून झाली.

परत येताना वाटेत त्यांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं पेट्रोल. ते वळून माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "आता गावभर होईन."

झालं. हरिसिंग पोटात ठेवणारा माणूस नव्हता. आठवडाभरात लोहाऱ्याला, मग यवतमाळात. बहिरा मिस्त्री. जुनी दोन गिऱ्हाइकं यायची बंद झाली, त्यांतला एक तर त्यांचा जिनिंगमधला जोडीदार होता. एका वकिलानं अर्धवट काम झालेली गाडी ओढून नेली. काही लोक नुसते पाहायला आले. पाठीमागून टाळ्या वाजवून पाहायचे. जफरभाईंना टाळी ऐकू यायची नाही, पण माझा चेहरा बघून ते ओळखायचे आणि न वळता म्हणायचे, "पैसे पडले का कोणाचे?"

तांड्याच्या पाच गाड्या मात्र गेल्या नाहीत. का, ते मी हरिसिंगला विचारलं. त्यानं खांदे उडवले. म्हणाला, याडी म्हणते ज्यानं आपली चूक आपल्या बोटानं दाखवली त्याचं बोट खोटं नाही सांगत. आणि वर म्हणाला की नागपूरला डिझेल किती लागतं माहीत आहे का. दोन्हींतलं खरं कारण कोणतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता तांड्याच्या गाड्या भरून येतात. रुपीबाईनं नियम बदलला. नालबंदाकडे रिकामं न्यायचं, पण या माणसाकडे लादलेलं न्यायचं. तिनं जात्याचा तो दगडही गॅरेजला पाठवून दिला. तिच्या पायांखाली दुसरा आला. शहरातल्या गाड्या रिकाम्याच येतात, त्यांच्यासाठी हा ठेव, असा निरोप होता. दगड खड्ड्याच्या कडेला त्याच पोत्यात असतो. नवं गिऱ्हाईक विचारतं, हे काय. जफरभाई दगड उचलून त्याच्या गाडीत पुढच्या सीटसमोर ठेवतात आणि म्हणतात, चला.

त्याच वर्षी जूनमध्ये मला झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत नोकरी लागली. सांगायला गेलो तेव्हा मला जरा अपराधी वाटत होतं. कान घेऊन चाललो होतो. जफरभाई गाडीखाली होते. बाकावर माझ्या जागी शमाभाभी बसल्या होत्या, ओढणी कानामागे खोचून, मांडीवर मेथीची जुडी. दारात, रस्त्याला तोंड करून. लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून त्या आल्या होत्या.

पुसदहून एक गाडी आली होती. पुढून वाजायची. जफरभाई हात पुसत वर आले, दगड ठेवला, भाभींना शेजारी बसवलं आणि फेरी मारून आणली. मी उभा राहून पाहत होतो. परत आल्यावर ते भाभींसमोर उकिडवे बसले, माझ्यासमोर बसायचे तसेच.

"कसा होता?"

भाभींनी जरा विचार केला. माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

"कढईत झारा आपटल्यासारखा," त्या म्हणाल्या. "पण कढई खाली नाही. आत थोडं तेल आहे."

जफरभाईंनी पहार उचलली आणि खड्ड्यात उतरले.